वरून पाहिलेला पुष्कराज

पंचवटी, नाशिक
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय यशू,

पत्र पाहून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. फोनच करणार होते, पण फोनवर तू "हो ताई, हो ताई" करत एका कानाने कुकरच्या शिट्ट्या मोजत असतेस, आणि मला काय विचारायचं होतं ते मला फोन ठेवल्यावर आठवतं. पत्रात प्रश्न समोर राहतो. तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलेल्या बाईची खोड समज आणि सोडून दे.

यंदा आपल्या घरात तळण नाही म्हणून तुम्ही आठवणीने फराळ पाठवलात, तो पोचला. शेव जरा तिखट होती, पण संपली. सासूबाईंना सांग.

आता विषय. बाबांची अंगठी. २ जूनला बाबांनी तुझ्या घरी डोळे मिटले, आणि दहाव्याला रामकुंडावर अश्विनरावांनी ती रुमालात बांधून माझ्या हातात दिली. तेव्हा ती उघडून बघायच्या मनःस्थितीत मी नव्हते. तशीच कपाटात ठेवली. परवा दिवाळीनंतरची आवराआवर करताना काढली, खिडकीशी नेली, आणि मला पुष्कराज जरा फिका वाटला. तुला आठवत असेल, इंदूरच्या यजमानांनी दिलेला तो खडा चाळीस वर्षं बाबांच्या तर्जनीत होता. संकल्प सोडताना पाणी त्याच्यावरून ओघळायचं आणि आपण दोघी घाटाच्या पायरीवर बसून बघायचो. त्याचा पिवळा मी विसरेन असं मला वाटत नाही.

म्हणून सहज विचारते. बाबा तुझ्याकडे होते त्या सात महिन्यांत अंगठी बोटातून कधी निघाली होती का? त्यांना आंघोळ कोण घालत असे? धुळवडीला तू ग्रुपवर टाकलेल्या फोटोत बाबा तुमच्या ओट्यावर बसून हसताहेत, गाल गुलाबी आणि उजवा हात मांडीवर. मी तो फोटो मोठा करून पाहिला. त्या बोटात अंगठी नाही.

काही मनात आणू नकोस. आलं असेल तर तेही लिही.

तुझी,
इंदिराताई


पंचवटी
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

यशश्री,

तुझं पोस्टाने आलेलं उत्तर वाचलं. पाच ओळी. बारावीला तुझ्या उत्तरपत्रिकाही एवढ्याच असायच्या, आणि तेव्हाही पायऱ्या न दाखवता थेट उत्तर.

तू लिहितेस, "बोटाला सूज आली म्हणून डॉक्टरांनी अंगठी काढायला सांगितली. मी साबण लावून काढली, आईंनी देवघरात ठेवली, सूज उतरल्यावर परत घातली. एवढंच, ताई."

एवढंच कसं? किती दिवस देवघरात होती? देवघर म्हणजे तुमच्या ओसरीतलं उघडं फडताळच ना? कांद्याच्या व्यवहाराला दिवसभर माणसं येतात तुमच्याकडे. आणि ठेवली कोणी, तर साळूबाईंनी. तुझ्या सासूबाईंबद्दल मला वाईट बोलायचं नाही. बाबांना तुमच्या गाडीत बसवलं तेव्हा त्या माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "तुना बाप आमना बी बाप शे." ऐकायला फार गोड होतं. इतकं गोड बोलणाऱ्या माणसांपाशी मी जरा जपूनच असते.

यशू, मी नुसत्या नजरेवर विसंबून लिहीत नाही. मी तपासलं आहे.

निवृत्त होताना लॅबमधले दोन जुने पोलरॉइड, त्या काळपट चकत्या, मला मिळाले होते. ध्रुवणाचा धडा तुझ्या डोक्यावरून गेला होता म्हणून पुन्हा सांगते. प्रकाशाची लहर पुढे जाताना उभी, आडवी, तिरपी, सगळ्या दिशांना थरथरत असते. पोलरॉइड त्यातली एकच दिशा पुढे सोडतो. उभ्या गजांच्या खिडकीतून पाट आत घ्यायचा तर तो उभाच धरावा लागतो, तसं. आता त्याच्यापुढे दुसरा पोलरॉइड काटकोनात आडवा धरला की काहीच पलीकडे येत नाही, काळोख. या दोघांच्या मध्ये काचेचा तुकडा ठेवून कितीही फिरवला तरी काळोख तसाच राहतो. पण पुष्कराजासारखा खरा स्फटिक प्रकाशाची दिशा बदलतो. तो गोल फिरवला की उजळतो, विझतो, उजळतो, विझतो. एका फेऱ्यात चार वेळा.

राशीची अंगठी खालून उघडी असते, खडा अंगाला लागावा म्हणून. त्यामुळे प्रकाश आरपार जातो, अडचण काही नाही. खाली मोबाइलचा दिवा लावला, मध्ये अंगठी धरली आणि फिरवली. पूर्ण फेरा. मग उलटा फेरा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसून पुन्हा.

एकदाही उजळला नाही. काच आहे ती, यशश्री.

तू बदलली असशील असं मी म्हणत नाही. पण तुझ्या घरात बदलली गेली. एकोणीस वर्षांपूर्वी तू त्या घरात गेलीस तेव्हा बाबांनी तुझं नाव घेणं टाकलं होतं. तेच बाबा सात महिने तिथे राहिले, तिथे हसले, आणि त्यांच्या हातात काच आली. माझ्या मनात काय काय येत असेल याचा तूच विचार कर.

३० तारखेला सहा महिन्यांचं श्राद्ध आहे. तुला यायचं तर ये. उत्तर घेऊन ये.

इंदिरा


नाशिक
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

सौ. यशश्री अश्विन बिरारी हिस,

तू आली नाहीस. न येण्याचं कारणही कळवलं नाहीस. फोन लावला तर लागतच नाही, बहुतेक तू माझा नंबर बंद करून टाकला आहेस. निर्दोष माणूस असं करत नाही, एवढं मी शिक्षकी पेशात शिकले आहे. कॉपी न केलेलं पोर बाक तपासायला आनंदाने बाजूला होतं.

श्राद्ध आल्हादने केलं. चुलतभाऊ असून मुलासारखं सगळं पार पाडतो. पिंड झाले, पानं वाढली, आणि जेवणं झाल्यावर मी पोलरॉइड काढले. लपवायचं कशाला? माहेरच्या वस्तूचं माहेरच्या माणसांना कळायला हवं. ओळीने सगळ्यांना दाखवलं. आल्हादने पाहिलं, त्याच्या बायकोने पाहिलं, त्याची बहीण वेदिका मुंबईहून आली होती, तिने पाहिलं. काकूंच्या डोळ्यात मोतीबिंदू. त्या म्हणाल्या, "इंदे, मला बाई काहीच दिसत नाही यात." मी म्हटलं, "तोच तर पुरावा आहे, काकू."

सगळे हसले आणि मग गप्प झाले. ते गप्प होणं मला आवडलं, खोटं कशाला सांगू. पस्तीस मुलांचा वर्ग प्रयोग बघून गप्प व्हायचा, तेव्हा मला असंच बरं वाटायचं.

काकूंनी एक विचारलं. "आठ दिवसांसाठी गेलेला माणूस सात महिने कसा राहिला गं?" मी सांगितलं, यशश्रीने सोडलंच नाही त्यांना. काकू म्हणाल्या, "आता कळलं, का नाही सोडलं ते."

सरळ लिहिते. तुझ्या सासूबाईंना विचार. गोडीने विचार, नाहीतर रागाने विचार, पण विचार. डिसेंबर संपायच्या आत खरा पुष्कराज या घरात यायला हवा. आला नाही तर तुझं माहेर बाबांबरोबरच संपलं असं धर. मग रामकुंडावर आपण समोरासमोर आलो तरी मी ओळख देणार नाही.

इंदिरा


नाशिक
रविवार, १४ डिसेंबर २०२५, दुपारी

यशश्री,

तुझा नवरा सकाळी येऊन गेला. तो जाऊन दोन तासही झाले नाहीत आणि मी लिहायला बसले आहे, कारण हातांना काहीतरी काम हवं आहे.

दारातच उभे राहिले. मी या म्हटलं, बसा म्हटलं. बसले नाहीत. पाणी पुढे केलं, घेतलं नाही. पेला माझ्या हातातच राहिला. खिशातून कागदाची पुडी काढली आणि म्हणाले, "ताई, खडा आमच्या घरी बदलला का नाय, ते देव जाणे. पण आमच्या घरातून गेला असं तुम्ही चारचौघांत म्हटल्या. माझी आई दोन टाइमाला धड जेवत नाय. हा घ्या. खरा हे, सोबत लॅबचा कागद हे. आता आमच्या दारावरला डाग काढा."

पुडी स्टुलावर ठेवली आणि जिना उतरून गेले.

मला सांग, ज्याने काही केलं नाही तो भरून का देईल? आणि आल्हादने ५ तारखेला तुला सराफ बाजारात एका पेढीतून बाहेर पडताना पाहिलं. त्याने हाक मारली, तू पदर ओढून निघून गेलीस. सटाण्याहून नव्वद किलोमीटर येऊन तू माहेरी पाऊल टाकलं नाहीस. काय विकायला आली होतीस? बाबांचा खडा तिथेच होता ना इतके दिवस? तोच आता सोडवून आणलात आणि नवा म्हणून माझ्यापुढे ठेवलात?

थांब. आधी हाही तपासते.

तपासला. काळोख. पूर्ण फेरा फिरवला, एकदाही उजळला नाही. यशश्री, तुम्ही मला दुसऱ्यांदा काच दिलीत. छापील कागदासकट. मी आता पोलिसांत

त्याच दिवशी, संध्याकाळी

वरचं वाक्य मी पूर्ण केलं नाही. खोडतही नाही, जसं होतं तसं राहू दे.

झालं ते असं. पुन्हा एकदा पाहावं म्हणून खडा चिमट्यात धरला होता. रागाने हात नीट चालत नव्हता. चिमटा सुटला आणि खडा खालच्या पोलरॉइडवर पडला, पण सपाट न पडता कडेवर पडला, भिंतीला टेकलेल्या पाटासारखा. वरचा पोलरॉइड तसाच माझ्या हातात होता. त्यातून पाहिलं तर खडा पिवळाधमक पेटलेला. मी खडा तसाच कडेवर ठेवून चिमट्याने थोडा फिरवला. विझला. आणखी फिरवला, पेटला.

मी बारावीचं जुनं पुस्तक काढलं.

स्फटिकात एक दिशा अशी असते की तिच्यातून सरळ पाहिलं तर तो काचेसारखाच वागतो. तिला प्रकाशीय अक्ष म्हणतात. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. दरवर्षी, चौकट करून, खाली दोन रेघा मारून. परीक्षेत हमखास येतं म्हणून पोरांकडून घोकून घेतलं. आणि अंगठी हातात आल्यावर मला ते एकदाही आठवलं नाही.

१५ डिसेंबर

सकाळी अंगठी घेऊन हिरामण सोनाराकडे गेले आणि खडा सुटा करून मागितला. त्याने चिमट्याने खडा धरून ठेवणारं एकेक नख उघडलं. म्हणाला, "बाई, कोंदणात असताना खडा वरूनच दिसतो. आम्ही तर सुटा केल्याबिगर बोलतच नाही. आन् रंग वरनं भरलेला दिसावा म्हणून कारागीर लय वेळा त्याच अंगानं कापतो." मी त्याच्याच टेबलावर पोलरॉइड लावले आणि बाबांचा खडा आडवा धरला.

उजळला. चार वेळा. हिरामण शेजारी उभा राहून मोजत होता.

तेव्हा खडा खरा आहे. बाबांचाही आणि तुम्ही पाठवलेलाही. फिका वाटला तो कदाचित चाळीस वर्षांच्या गंधाचा आणि तेलाचा थर असेल. माझी तपासणीची पद्धत अपुरी होती, हे मी मान्य करते. अंगठीत बसवलेला खडा एकाच दिशेने पाहता येतो, त्यामुळे अशी चूक कोणाकडूनही होऊ शकते. तूही पहिल्याच पत्राला नीट सविस्तर उत्तर दिलं असतंस तर गोष्ट इथवर आली नसती. असो. झालं ते झालं. तुमचा खडा मी रजिस्टरने परत पाठवेन. आल्हादला आणि काकूंनाही सवडीने कळवेन.

सासूबाईंनी जेवायला हरकत नाही.

तुझी,
ताई


पंचवटी
२ जानेवारी २०२६
पोस्टकार्ड पहिलं

यशू, १५ तारखेचं पत्र रजिस्टरने पाठवलं होतं. काल परत आलं, वर "घेण्यास नकार" असा शेरा. बरं झालं तू घेतलं नाहीस. मी ते आज पुन्हा वाचलं आणि माझी मलाच किळस आली. म्हणून आता कार्ड लिहिते. कार्डाला पाकीट नसतं, ते न वाचता परत करता येत नाही. सटाण्याच्या पोस्टात वाचतील, तुमच्या गल्लीत वाचतील, ओसरीवर पडलं तर कांद्याला आलेली माणसं वाचतील. वाचू देत. मी तुमची नावं चारचौघांत घेतली, माझंही चारचौघांत होऊ दे.

बाबांच्या अंगठीतला पुष्कराज खरा होता आणि खराच आहे. साळूबाई बिरारी, अश्विन बिरारी, यशश्री बिरारी यांच्या घरात काहीही बदललं गेलं नाही. चूक माझी, इंदिराची. रविवारी सगळ्यांना घरी बोलावलं आणि हेच सांगितलं. खडा आडवा धरून दाखवला. काकू म्हणाल्या, "मला तेव्हाही दिसलं नव्हतं आणि आताही दिसत नाही, तू नुसतं तोंडाने सांग." मग तोंडाने सांगितलं. आल्हाद उठून बाहेर गेला.

सराफ बाजारातल्या त्या पेढीत जाऊन आले. तिथे कळलं, तू आपल्या आईच्या पाटल्या मोडून खडा घेतलास. मी म्हटलं, परत द्या, काय लागेल ते देते. ते म्हणाले, त्याच आठवड्यात आटवल्या. यशू, त्या मी तुला आणून देऊ शकत नाही. जागा संपली, पुढे दुसऱ्या कार्डावर.


कार्ड दुसरं, त्याच दिवशी

हे कोणालाच सांगितलं नव्हतं. बाबा आठ दिवसांसाठी स्वतःहून आले नाहीत. मी पाठवले. रोज घाटावर जाऊन बसायचे, कोणाही अनोळखी माणसाचं श्राद्ध लावायचे, लोक हाताला धरून घरी आणून सोडायचे. अंथरूण दिवसातून तीनदा धुवावं लागायचं. माझ्याने होत नव्हतं. एकदा मी त्यांच्यावर हात उगारला. मारला नाही, पण त्यांनी डोक्यावर हात धरले. दुसऱ्या दिवशी तुला फोन केला.

आणि संक्रांतीला मी त्यांना परत बोलावलं होतं. तू शेतात होतीस, फोन त्यांनीच घेतला. मी म्हटलं, बाबा, उद्या गाडी पाठवते. त्यांना त्या दिवशी सगळं लख्ख कळत होतं. म्हणाले, "नको इंदू. मी यशूकडे बरा आहे. यशू मला रागवत नाही."

मी सगळ्यांना सांगत राहिले की तू त्यांना सोडलं नाहीस. मला तुझ्या घरात चोर सापडायला हवा होता, म्हणून सापडला. खडा मी एकाच बाजूने पाहिला तो विसरून नाही, मला तेवढंच पाहायचं होतं.

ते तुझ्याकडे राहिले, कारण त्यांना तिथेच राहायचं होतं. बाबांचं ते वाक्य तुझ्या हक्काचं आहे, मी वर्षभर माझ्याकडे दाबून ठेवलं होतं. साळूबाईंना वाचून दाखव. मला उत्तर नको.

इंदिरा